सेल्फ चांगला हाये

सुखदेवभाऊंच्या ट्रकमधली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बदलून झाली होती. बॅटरी, वायरी, चावीचा स्विच, हॉर्न, सीटचं कव्हरसुद्धा. बदलला नव्हता तो फक्त सेल्फ. आणि खराब होता तोही फक्त सेल्फच.

सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला पहिल्यांदा फिरवणारी मोटार. हे मला भाऊंच्या शेजारी राहून कळलं. आमच्या दोन घरांच्या मध्ये तुराट्यांचं कूड आहे. अलीकडे मी भांडी घासते, पलीकडे ट्रक उभा असतो. तिकडे काय चाललंय ते न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू येतंच.

सकाळी भाऊ चावी मारत. ट्रकमधून ‘टक’ असा एकच आवाज येई, पुढे काही नाही. मग भाऊ खाली उतरून गाडीच्या तोंडावरून हात फिरवत आणि म्हणत, “थंडी हाये.” उन्हाळ्यात म्हणत, “तापली.” पावसाळ्यात, “ओल धरली.” एकदा यातलं काहीच नव्हतं, तर गाडीला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. आणि शेवटी, कोणी विचारलेलं नसताना, “सेल्फ चांगला हाये,” हे असायचंच.

मोताळ्याच्या सलीम मिस्त्रीने त्यांना एकदा साधी युक्ती सांगितली. हेडलाइट लावायचे आणि चावी मारायची. लाइट मंद झाले तर बॅटरी कमजोर. लाइट तसेच झगझगीत राहिले आणि नुसतं ‘टक’ वाजलं, तर सेल्फ गेला. भाऊंनी आमच्या ह्यांना गाडीसमोर उभं केलं आणि चावी मारली. हे डोळ्यांवर हात धरून म्हणाले, “भाऊ, लाइट तर जसेच्या तसे हायेत.”

भाऊ खाली उतरून लाइटची काच पुसायला लागले. मग म्हणाले, “बल्ब भारी टाकले ना मी.”

पुढच्या बाजाराला त्यांनी बॅटरी बदलली.

अशी गाडी चालू करायला दोन माणसं लागतात. एकाने खाली झोपून सेल्फवर टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकायचं, दुसऱ्याने वर बसून त्याच वेळी चावी फिरवायची. खाली भाऊ असत, वर त्यांच्या घरच्या द्वारकाबाई.

“मार.”

“मारला.”

ठण.

“मार.”

“मारला.”

ठण. असं चालता चालता कधीतरी गाडी धडधडायला लागायची. द्वारकाबाई पदराला हात पुसत उतरायच्या आणि घरात जायच्या.

नवराबायकोचं दिवसभरातलं बोलणं एवढंच. बाकी दोघांचा अबोला होता. भाऊंना काही सांगायचं असलं तर ते ट्रकला सांगत. “गाडी, आज हमाल जेवायले येऊन राह्यले, भाकरी जास्त लागतीन.” द्वारकाबाई बकरीला सांगत. “सांग बाई त्यांले, पीठ सरलं.” भाऊ मुकाट्याने दळण घेऊन गिरणीत जात. बकरी चरायला गेलेली असली तर निरोप संध्याकाळपर्यंत थांबायचा. गावात ह्याच्यावर सगळे हसत. मीही हसत असे.

पण तो अबोला कुठून आला हे मला माहीत होतं. तेही कुडाच्या अलीकडूनच.

द्वारकाबाईंचं माहेर लोणारचं. एका सकाळी तिकडून फोन आला, माय सिरियस आहे, लवकर या. द्वारकाबाई पिशवी भरून एसटीला निघाल्याच होत्या. भाऊ म्हणाले, “बसनं काऊन जातं? दारात आपली गाडी हाये ना. सीधी नेऊन घालतो.” त्या थांबल्या. बस गेली. आणि गाडी ‘टक’ करून राहिली. भाऊंनी ठोकलं, लोकांनी ढकललं, मोताळ्याहून दुसरी बॅटरी आणली. गाडी चालू झाली तेव्हा दुपार कलली होती. दोघं लोणारला पोचले, तोवर माती होऊन लोक नदीवरून परतले होते.

परत आल्यावर उशीर काऊन झाला असं अंगणात कोणी विचारलं, तर भाऊ म्हणाले, “बॅटरी उतरली होती.”

द्वारकाबाई तिथंच बसल्या होत्या. सलीम मिस्त्रीने महिनाभर आधी आमच्या समोरच अंगणात सांगितलं होतं, भाऊ, सेल्फ जाऊन राह्यला, बदलून घ्या. द्वारकाबाईंनीच त्याला चहा दिला होता. त्या दिवसापासून त्या बोलल्या नाहीत. आणि त्या दिवसापासून भाऊंच्या गाडीचा सेल्फ चांगला होता.

अशी कितीतरी वर्षं गेली. दोघांचे केस पांढरे झाले. जी बकरी निरोप न्यायची तिची नात निरोप न्यायला लागली. मला वाटलं होतं, हे असंच संपणार.

मागच्या दिवाळीनंतर, कापसाच्या खेपा चालू असताना, द्वारकाबाई गाडीत चढताना घसरल्या. गुडघा सुजला. त्या दिवशी गाडी जागची हलली नाही. भाऊ बराच वेळ चाकाजवळ उकिडवे बसून राहिले. गाडीला काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पहाटेच चप्पल घालून मोताळ्याला गेले आणि सलीम मिस्त्रीला घेऊन आले. बरोबर नवा सेल्फ होता.

मिस्त्रीने जुना काढून गोणपाटावर ठेवला आणि खोलला. आतून काळी भुकटी सांडली. विजेचा जोर पोचवणारे कार्बन असतात, ते झिजून नखाएवढे उरले होते. मिस्त्री हात पुसत नळाकडे गेला.

भाऊंनी ते गोणपाट चारी कोपऱ्यांनी उचललं आणि ओट्यावर नेलं. तिथं द्वारकाबाई गुडघ्याला हळद लावून बसल्या होत्या. गोणपाट त्यांच्यासमोर ठेवून भाऊ खाली पाहत म्हणाले, “सेल्फच खराब होता.”

गाडीला नाही. त्यांना म्हणाले.

द्वारकाबाईंनी त्यातला एक कार्बन उचलला. बोटं काळी झाली. “कधीपासून?”

“तवापासूनच.”

त्यांनी तो परत गोणपाटावर ठेवला. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मग म्हणाल्या, “आता निघालो तर माय भेटन का?”

भाऊ ट्रककडे गेले.

नवा सेल्फ बसला. मिस्त्री म्हणाला, मारा चावी. भाऊंनी चावी हातात घेतली, पण मारली नाही. घरातून स्टूल आणलं, द्वारकाबाईंना आधार देऊन वर चढवलं, त्यांच्या हातात चावी दिली आणि स्वतः टामी घेऊन गाडीखाली जाऊन झोपले. मिस्त्री सांगत होता, भाऊ, आता ठोकायची गरज नाही. भाऊंना ऐकू गेलं नसावं.

“मार.”

“मारला.”

ठण व्हायच्या आधीच गाडी चालू झाली होती. भाऊ टामी तशीच वर धरून खाली पडून राहिले.

ते बाहेर आले तेव्हा द्वारकाबाई सरकून बाजूच्या सीटवर बसल्या होत्या. उतरल्या नाहीत. “लोणारले चला,” म्हणाल्या.

माहेरी आता कोणी नाही. द्वारकाबाईंचा भाऊ पुण्याला असतो, घराला कुलूप. सुखदेवभाऊंनाही ते माहीत होतं. तरी गाडीत बसले आणि निघाले.

रात्री उशिरा परत आले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुडावरून विचारलं, तेव्हा भाऊंनी सांगितलं की द्वारकाबाईंनी बंद घराचं अंगण झाडलं, सडा घातला आणि ओट्यावर बसून राहिल्या. आपण गाडीतच थांबलो, इंजिन चालू ठेवून.

“काऊन?” ह्यांनी विचारलं. “आता तर नवा सेल्फ हाये.”

“हाव, हाये,” भाऊ म्हणाले. “पण तिनं चला म्हटलं अन् गाडी टक करून राह्यली, तर?”

आता सकाळी गाडी एका चावीत चालू होते. ‘मार’ नाही, ‘मारला’ नाही. द्वारकाबाई तेवढ्या वेळेला ओट्यावर येऊन उभ्या राहतात, आणि गाडी गेली की आत जातात.