चौथ्या बाकापाशी पडलेली वाक्यं

बोरसे सरांचा आवाज चौथ्या बाकापर्यंत जायचा आणि तिथे खाली पडायचा. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय, तिथे सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वर्गात बाकं बारा. पहिल्या तीन बाकांवरची मुलं भराभर उतरवून घ्यायची. "कळलं ना?" असं सर त्यांनाच विचारायचे, ती माना डोलवायची, की लगेच पुढचा धडा. सरांची वाक्यं चौथ्या बाकाशी एकावर एक पडत राहायची, चपटी, करडी, वाळल्या पानाएवढी. मागची आठ बाकं आपली खिडकीबाहेर बघत बसायची.

संध्याकाळी हिलालआप्पा शिपाई वर्ग झाडायचे तेव्हा सुपडीभर वाक्यं निघायची. ती त्यांनी कधीच उकिरड्यावर टाकली असती, पण अनुदानित संस्थेतली वस्तू फेकायची तर निर्लेखन समितीचा ठराव लागतो, आणि ती समिती मागच्या शतकात शेवटची बसली होती. म्हणून मोडकी स्टुलं, एक हात नसलेला सांगाडा आणि बोरसे सरांची वाक्यं जुन्या व्यायामशाळेत ठरावाची वाट बघत पडून होती. आप्पांनी पोती भरली होती आणि प्रत्येक पोत्याला वर्ष, वर्ग, विषय लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. माणूस मोठा शिस्तीचा.

आणि त्या सोमवारी दोन कागद सरांच्या टेबलावर एकदमच आले.

पहिला प्राचार्यांचा: सर्वसमावेशक व समन्यायी अध्यापन, प्राध्यापकांसाठी सहा दिवसांचा उजळणी वर्ग, हजेरी सक्तीची. दुसरा होता दाखला काढून घेण्याचा अर्ज. दुसऱ्या वर्षाची हजेरी क्रमांक अडुसष्ट, रुमली जामसिंग पावरा. विभागप्रमुख म्हणून सरांची सही हवी होती. 'कारण' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, "शिकवलेलं माझ्यापर्यंत येत नाही." खाली लिहिलं होतं की शनिवारी चारच्या बसनं घरी जायचं आहे, तोवर सही व्हावी.

"आता हिच्यापर्यंत येत नाही तर मी काय घरपोच देऊ?" सर वैतागून म्हणाले आणि अर्ज काचेच्या वजनाखाली सरकवून वर्गाला निघाले.

उजळणी वर्ग घ्यायला डॉ. शबनम मुजावर आल्या होत्या, थेट कोल्हापूरकडून. ठेंगण्या, हसऱ्या, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी शिंप्याची असते तसली टेप काढली आणि पहिला दिवस मोजमापातच घालवला. इंग्रजीच्या देसले मॅडमचा आवाज दोन बाकं. गणिताच्या सरांचं तोंड कायम फळ्याकडे, त्यामुळे त्यांचा आवाज फळ्यावर आपटून खडूच्या पेटीत पडत होता. त्या मानानं बोरसे सरांची चार बाकं म्हणजे चांगलीच म्हणायची. सर थोडे खूशही झाले.

मंगळवारी उपाय झाले. सरांनी ओरडून शिकवून पाहिलं. वाक्यं चौथ्या बाकाशीच पडली, फक्त जड पडली, आणि एका मुलाच्या पायाचा अंगठा ठेचला. मग माईक लावला. दिवसभराची सगळी वाक्यं स्पीकरच्या खोक्यात अडकली आणि खोकं उघडायला वायरमन बोलवावा लागला.

"मुलं कुठे बसतात, हे कोण ठरवतं?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"मीच ठरवलंय. हजेरी क्रमांकानं," सर अभिमानानं म्हणाले. "वशिला नाही, भेदभाव नाही. क्रमांक प्रवेशाच्या तारखेनुसार. जो आधी आला तो पुढे."

"आणि उशिरा कोण येतं?"

सरांनी हजेरीपट उघडला. उशिरा यायची ती डोंगरावरची पोरं. त्यांचे जातीचे, उत्पन्नाचे दाखले तहसीलमधून हातात पडेपर्यंत श्रावण उजाडायचा. साठच्या पुढचे सगळे क्रमांक पाड्यांवरचेच होते. सव्वीस वर्षं सर ती हजेरी रोज नुसत्या क्रमांकांनी वाचत होते आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सोपं आहे मग," ते म्हणाले. "उद्या मागचे पुढे, पुढचे मागे."

बुधवारी तसं केलं. रुमली पहिल्या बाकावर, अगदी सरांच्या समोर. सरांनी शिकवायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज व्यासपीठाच्या कडेवरून सरळ खाली पडला. पहिल्या बाकापर्यंतसुद्धा गेला नाही! रुमलीनं व्यासपीठाखाली पडलेल्या वाक्यांकडे एकदा पाहिलं, वह्या उचलल्या आणि कुणी न सांगता बाराव्या बाकावर जाऊन बसली.

"असं कसं झालं हो?" सरांचा चेहरा उतरला होता.

"आवाज बाकं मोजत नाही, सर," मुजावर मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "तो माणसं बघून थांबतो."

हे सरांना फार लागलं. ते रात्री नीट जेवलेही नाहीत. आपण वाईट माणूस नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कधी कुणाला वर्गाबाहेर काढलं नव्हतं, कुणाचं नाव घेऊन टोचून बोलले नव्हते. मागच्या पोरांचं नाव तर त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

गुरुवारी मॅडमनी पोती मागितली. हिलालआप्पांनी लेखी आदेशाशिवाय कुलूप काढायला साफ नकार दिला. प्राचार्यांनी आदेश काढला, आवक-जावक झाली आणि शुक्रवारी सकाळी व्यायामशाळा उघडली. धुळीत एका भिंतीला एक्केचाळीस पोती उभी होती. ती सरांची. आणि समोरच्या भिंतीला नऊ पोती वेगळी होती, तोंडं सुतळीनं घट्ट शिवलेली.

"ही कुणाची?" सरांनी विचारलं.

"पोरांची," आप्पा म्हणाले.

"कसली पोरांची?"

"अहो सर, मागून बोलायची ना पोरं. त्यांचंबी तिथंच पडायचं, चौथ्या बाकाशी, पण मागच्या अंगाला. तुमची वाक्यं चपटी. पोरांची गोल, बोराएवढी. मी मिसळू दिली नाहीत. उद्या हिशेब कोण देणार?"

सर मटकन स्टुलावर बसले. स्टूल मोडकं होतं, त्यांचा तोल गेला, आप्पांनी धरलं. मागची पोरं प्रश्न विचारत नाहीत, हे वाक्य सरांनी प्रत्येक बैठकीत म्हटलं होतं, प्रत्येक अहवालात लिहिलं होतं.

"ऐकता येतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतात की. कानाशी धरायचं. पण एकदाच हां. एकदा बोललं की विरून जातं. म्हणून तर मी पोरांचं एकबी ऐकलं नाही," आप्पा म्हणाले. "माझ्यासाठी नव्हतं ते."

सरांनी पहिल्या पोत्याची सुतळी उसवली, एक गोळी उचलली आणि कानाशी नेली.

"सर, मुळांना अंधारात खाली कुठे आहे ते कसं कळतं?"

कुणा मुलाचा आवाज होता, नुकता फुटलेला, घाबरलेला. बोलून झाल्यावर सरांच्या बोटांत काहीच उरलं नाही. सव्वीस वर्षं शिकवूनही असा प्रश्न त्यांना स्वतःला पडला नव्हता. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. "सर, फळ्यावरचं दिसत नाही." "सर, या झाडाला आम्ही दुसरं नाव म्हणतो, ते लिहिलं तर मार्क जातील का?" "सर, झाड म्हातारं झालं हे बाहेरून कळतं का?" "सर, माझं नाव हजेरीत चुकीचं आहे."

एवढं सगळं माझ्या वर्गात होतं! सर मनाशी म्हणत राहिले. देवा, एवढं सगळं! वेगळ्याच आश्चर्यानं त्यांचा ऊर भरून आला होता, आणि लाजही तितकीच वाटत होती. मॅडमनी कुणाला आत जाऊ दिलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, चहाची झाली. सर मांडी घालून ऐकत बसले होते आणि दारात हिलालआप्पा पहारा देत होते.

२००४ च्या पोत्यातून एक चिमुकली गोळी निघाली. "सर, बाहेर जाऊ का?" एवढंच.

"हा कोण?" सरांनी विचारलं. "आणि मग गेला का तो?"

आप्पांनी चिठ्ठी पाहिली. "हा दारासिंग वळवी असणार, त्या वर्षी मागं हात वर करून बसायचा. कसा जाईल? तुम्ही हो म्हटलंच नाही. आता एसटीत कंडक्टर आहे, चारच्या बसवर. भला माणूस. पण शेवटचा थांबा येईस्तोवर बसमधून कधी खाली उतरत नाही, काही झालं तरी. लोकांना नवल वाटतं."

सरांनी यंदाचं पोतं ओढलं. ते जेमतेम ओंजळभर होतं. त्यात रुमलीची गोळी सापडली. आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, तरी त्यांना लगेच कळलं.

"सर, मोहाचं फूल पहाटे गळून खाली पडतं. आम्ही वेचतो. तरी त्याच जागी नंतर फळ धरतं. मग गळतं ते काय, आणि राहतं ते काय?"

सर उठून उभे राहिले. फुलाची रचना ते दर वर्षी जास्वंदीवर शिकवत, कारण पुस्तकात जास्वंद होती. मोहाची झाडं तालुकाभर होती, पण मोहाचं फूल त्यांनी कधी हातात धरून पाहिलं नव्हतं. पहाटे तर नाहीच नाही.

शनिवारी अकराचा तास. रुमली पत्र्याची पेटी घेऊनच वर्गात आली होती, बाराव्या बाकाच्या शेजारी ती उभी करून ठेवली होती. मुजावर मॅडम भिंतीशी टेप घेऊन उभ्या. हिलालआप्पा दारात झाडू घेऊन. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. ते व्यासपीठावरून खाली उतरले नाहीत की मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांनी फक्त शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"रुमली," ते म्हणाले, "मोहाचं तू विचारलं होतंस. ते मला ठाऊक नाही."

वाक्य निघालं. पहिलं बाक गेलं, दुसरं, तिसरं. चौथ्या बाकाशी ते जरा खाली आलं आणि सगळ्या वर्गानं श्वास रोखला. मग ते तसंच पुढे गेलं. सातव्या बाकावरची मुलं ते डोक्यावरून जाताना मान वर करून बघत होती, एकीनं तर हात जोडले. मुजावर मॅडमची टेप संपली, तरी ते चाललंच होतं. ते बाराव्या बाकावर पोचलं आणि रुमलीच्या वहीवर अलगद उतरलं.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

रुमली उभी राहिली. "गळतो तो रसाचा भाग, सर," ती म्हणाली. "देठाशी हिरवा दोरा राहतो, बारीक, बाहेर आलेला. त्याच्या बुडाशी फळ धरतं. आजी म्हणते तो दोरा तोडायचा नाही."

तिची वाक्यं गोल होती. ती बाकांच्या मधून घरंगळत आली, चौथ्या बाकाला न थांबता, आणि एकेक करून सरांच्या चपलेपाशी येऊन थांबली. आप्पा झाडू घेऊन पुढे झाले.

"राहू द्या, आप्पा," सर म्हणाले. "ही माझी आहेत."

त्यांनी वाकून ती गोळा केली आणि खिशात ठेवली. मग सोबत आणून टेबलावर ठेवलेला अर्ज हातात घेतला. पोरगी गेली तर उत्तर मिळूनही काही उपयोग नव्हता, हे त्यांना कळत होतं.

"रुमली, सही करू का गं?"

हाही प्रश्न बाराव्या बाकापर्यंत गेला. वर्ग वळून मागे बघू लागला. रुमलीनं पेटीकडे पाहिलं, मग वहीकडे.

"आज नको, सर," ती म्हणाली. "मार्चमध्ये फुलं पडली की आणते. ती बघून मग ठरवू."

मुजावर मॅडमनी सरांच्या प्रमाणपत्रावर 'बारा बाकं' असं लिहिलं, कारण महाविद्यालयाच्या नमुन्यात त्याहून जास्त लिहायला जागा नव्हती.

चारच्या बसला रुमली नव्हती, बोरसे सर होते. बरोबर त्यांच्या स्वतःच्या वाक्यांचं २००४ चं पोतं. एक्केचाळीस पोती ज्याची त्याला पोचती करायची, असा त्यांचा बेत होता, आणि प्राचार्यांनी प्रवासभत्ता मिळणार नाही असं लेखी कळवलं होतं. बस गावाबाहेर पडली. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला, केस पांढरे व्हायला लागलेले, खाकी शर्ट नीट इस्त्री केलेला.

"सर, तुम्ही? पोत्याचं अर्धं तिकीट लागेल हां."

"दारासिंग," सर म्हणाले, "तू मला विचारलं होतंस. बाहेर जाऊ का म्हणून."

दारासिंग थबकला. "हो, सर."

"जा."

दारासिंगनं एकदा घंटी मारली. बस थांबली. त्यानं तिकिटाची पेटी सरांच्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि खाली उतरला. रस्त्याकडेच्या मोहाखाली तो पाचेक मिनिटं नुसता उभा राहिला. बसमध्ये कुणी घाई केली नाही. मग तो वर आला, पेटी घेतली आणि दोनदा घंटी मारली.