तळवणेकरांची मागची गाडी

माणिकपूरच्या नाक्यावर, भर बाजाराच्या वेळी, एखाद्या रिक्षावाल्याचा पाय धरून उभा राहिलेला गृहस्थ तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे तळवणेकर. बंद पडलेली रिक्षा मागचा रिक्षावाला एका पायाने ढकलत नेतो, हे आपण रोज बघतो आणि आपल्या वाटेला लागतो. तळवणेकर आडवे जात. बाहेर आलेला तो पाय दोन्ही हातांनी धरत आणि विचारत, "पुढच्याने ब्रेक मारला, तर मागच्याचं काय?"

रिक्षावाल्याने दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नसायचं. पण तळवणेकरांना उत्तराची सवय होती. हायवेवर एक गाडी दुसरीला दोरीने ओढत चाललेली दिसली, की ते स्कूटर पुढे घालून दोन्ही गाड्या उभ्या करत. "लोक काय करतात? स्वतः ऐटीत पुढे बसतात आणि मागच्या गाडीत बायकोला नाहीतर मेव्हण्याला बसवतात. अहो, इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. दोरी ताणलेली ठेवायची, पुढच्यावर आदळायचं नाही, हे सगळं मागच्यालाच करायचं असतं. चांगला ड्रायव्हर मागे बसवा. ओढूक काय, बैल पण ओढता!" राग आला की त्यांची मालवणी सुटायची.

हेच व्याख्यान त्यांनी सोसायटीच्या सभेत दिलं, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत दिलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लग्नात नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन दिलं. त्याच्याकडे तर सायकलही नव्हती. सांगून झालं की समोरच्याकडे टक लावून बघायचे आणि विचारायचे, "तुम्ही बसाल का मागे? शिकवतो." लोक हसायचे आणि घड्याळ बघायचे. मीही कितीतरी वेळा बघितलंय.

मी गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. टँकर आला नाही, गच्ची गळते, जिन्यातला दिवा गेला, सगळं माझ्याकडे. यातलं काही सुधारेल ही आशा मी केव्हाच सोडून दिली होती. त्यात तळवणेकरांनी एक दिवस कंपाउंडमध्ये बस आणून उभी केली.

व्हीआरएसची लाट आली, तिच्यात त्यांचीही नोकरी वाहून गेली होती. हातात आलेल्या पैशातून त्यांनी शाळेची एक मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि तिच्यात घर करायला घेतलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, पडदे, कोपऱ्यात मोरी. परवान्याचं विचारलं, तर एजंट म्हणाला, "बस म्हणून लिहू की फ्लॅट म्हणून?" जायचं होतं मालवणकडे, सुलभावहिनींच्या माहेरी. वहिनींची कंबर गेलेली, तासभर बसवत नसे, म्हणून पलंग. लॉजवाले खोली देत नाहीत, म्हणून घर. आणि देत का नाहीत, तर मंजूमुळे.

मंजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय तिशीच्या पुढे, समज चार वर्षांच्या पोरीची. अनोळखी दार दिसलं की ती किंचाळायची, ती घसा बसेपर्यंत. तिला सोडून जायचं कोणाकडे? तेव्हा वहिनी गेल्याच नाहीत. भावाच्या लग्नाला नाही, वास्तुशांतीला नाही, आई गेली तेव्हाही नाही. तारेचा कागद हातात घेऊन त्या दिवशी त्यांनी मंजूला वरणभात भरवला, हे माझ्या बायकोने डोळ्यांनी पाहिलंय.

मंजूला एकच जागा आवडायची. बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या त्यांच्या मारुतीतली मागची डावी सीट. दुपारी ती तिथे जाऊन बसायची आणि दिवेलागणीपर्यंत गाणं गुणगुणायची. मात्र इंजिन सुरू करायची सोय नव्हती. बुडाखाली थरथर जाणवली की ती काचेवर डोकं आपटायला लागायची. त्यामुळे ती मारुती कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती. ती जागा अडवते, अशीही एक तक्रार माझ्याकडे होती.

आता तळवणेकरांनी ठरवलं, की बसच्या मागे ही मारुती जोडून न्यायची. "कशाला?" मी विचारलं.

"घर एकदा उभं केलं की भाजी आणायला काय घर घेऊन जाऊ?" ते म्हणाले. मला ते पटलं, म्हणजे माझी हरकत संपली.

पुढचे कितीतरी रविवार ते वेल्डिंगवाल्याच्या दारात बसून होते. शेवटी एक त्रिकोणी लोखंडी दांडा तयार झाला. त्याची दोन टोकं मारुतीच्या पुढे आणि एक टोक बसच्या मागे. मला हाताला धरून नेऊन त्यांनी सगळं दाखवलं.

"दांडा सुटला तर?" मी विचारलं.

"खाली दोन साखळ्या आहेत, फुलीसारख्या. दांडा त्यांच्यात पडेल, रस्त्याला लागणार नाही."

"साखळ्या तुटल्या तर?"

"ही तार. गाडी सुटली की ती हँडब्रेक ओढते. मागची गाडी आपली आपण थांबली पाहिजे, कोणावर जाऊन आदळता कामा नये."

"आणि तारही तुटली?"

"म्हणून तर मी मागे बसणार. स्टेअरिंगवर."

मला चेव आला होता. "आणि तुम्हीच नसलात तर?"

तळवणेकरांनी हातातला नट फडक्याने पुसला. तो स्वच्छच होता. मग परत पुसला, आणि वर वहिनींनी चहा ठेवलाय असं काहीतरी म्हणून निघून गेले. मी विनोद केला होता. तो त्यांना कळला नाही असं मला वाटलं.

चाचणीसाठी त्यांनी जूचंद्रच्या मिठागरांकडचा रस्ता निवडला. सपाट, आणि रविवारी सकाळी तिथे बगळ्यांशिवाय कोणी नसतं. बस चालवायला तिथलाच पोशा पाटील होता. एरवी तो टेम्पो चालवायचा. तळवणेकर मागच्या गाडीत स्टेअरिंगवर. मागच्या डाव्या सीटवर त्यांनी तांदळाची पोती ठेवली, आणि दोन सीटांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. पोशाने ब्रेक मारला, की तळवणेकर उतरून पेल्यात बघायचे. सांडलं की ब्रेकला एक आटा देऊन पुन्हा पहिल्यापासून.

"काका, गारी थांबली ना?" पोशा शेवटी कावला. "मंग पान्याचं काय घेऊन बसलाव?"

"भाजी आणायच्या गाडीत पाणी सांडलं तर बिघडलं कुठे?" मीही म्हणालो. मला पोशाचं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि भूकही लागली होती.

पुढच्या रविवारी पोती नव्हती. त्यांच्या जागी मंजू बसली होती.

मी बसमध्ये मागच्या काचेशी होतो. शेजारी वहिनी पलंगावर कुशीवर झोपून बाहेर बघत होत्या. पोशाने हळूच बस काढली. मी किंकाळीची वाट बघत कानांशी हात नेले. मारुती आमच्या मागून, बिनआवाजाची, आली. इंजिन बंद. मंजूने मागून बापाच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली होती आणि ती हसत होती.

"एकदा गाडी रस्त्यात बंद पडली होती," वहिनी काचेकडे बघतच म्हणाल्या. "एकाने दोरी लावून घरापर्यंत आणली. तेव्हा अशी हसली होती. मग ह्यांच्या डोक्यात हे भूत शिरलं."

भाजीची ती सगळी थाप होती. त्या पेल्याला मी हसलो होतो, त्या व्याख्यानांना आम्ही सगळेच हसलो होतो. मला त्या बसमधून उतरून चालत घरी जावंसं वाटलं.

सपाटीवर सगळं जमलं. मग एका रविवारी त्यांनी हायवेच्या अलीकडचा उतार घेतला. मारुती मागून बसला रेटायला लागली, दांडा कुरकुरला, ब्रेक जळाल्याचा वास आला आणि पेला आडवा झाला. खाली आल्यावर तळवणेकर उतरून रस्त्याच्या कडेला बसले. तो उतार म्हणजे मालवणच्या वाटेवरच्या घाटाच्या मानाने घराचा उंबरठा. मग म्हणाले, "घाट जमायचा नाही." वहिनी बसच्या दारात उभ्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा मिठागरांकडे गेलो. का, ते मी विचारलं नाही. एक फेरी झाल्यावर वहिनी कमरेला हात लावत उतरल्या आणि त्यांनी सुकेळ्यांची पुडी सोडली. वसईची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, पानात घट्ट बांधलेली. भावाला न्यायची म्हणून त्यांनी ती मुद्दाम आणून ठेवली होती. पोशाला दिली, मला दिली. तळवणेकर पुडीकडे बघत राहिले.

"आता कोणाक ठेवतलंय?" त्या त्यांना म्हणाल्या. "खावा."

सुकेळं गोड असतं. माझं मी तसंच पानात गुंडाळून खिशात ठेवलं.

खाऊन झाल्यावर तळवणेकरांनी हात पुसले आणि मारुतीची किल्ली माझ्यापुढे धरली. "आज तुम्ही बसा मागे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "किल्ली एवढीच फिरवायची, नाहीतर स्टेअरिंग अडकतं. इंजिन लावायचं नाही. गिअर मोकळा. हात नुसता ठेवायचा, दांडा आपोआप वळवतो. ब्रेक लवकर आणि हलका."

मग मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस रिक्षावाल्यापासून नवऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना काय विचारत फिरत होता. मी त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान. मला रक्तदाब आहे, गुडघे गेलेत, मुलं बदलीवर. माझ्यानंतर कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. कुठल्याच वेल्डिंगवाल्याकडे नव्हतं. हे त्यांना ठाऊक असणार. तरी किल्ली पुढे होती, आणि मी ती घेतली.

पोशाने बस काढली. मागे मंजूचं गुणगुणणं थांबलं. अनोळखी मान बघून ती आता ओरडणार, या धास्तीने मी मागे वळून बघितलं नाही. मिठाच्या ढिगांपाशी पोशाने ब्रेक मारला आणि मी घाबरून जोरात दाबला. पेला निम्मा सांडला, माझ्या चपलेत पाणी आलं.

तळवणेकर बसमधून उतरून आले, पेल्यात डोकावले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी कमी सांडेल. उतरा आता, दमलात."

पण मला उतरता आलं नाही. मागून माझी कॉलर कोणीतरी मुठीत घट्ट धरली होती.