पेशीचा प्रमाणित ताठरपणा

जिवंत वस्तू मोजण्यातली मुख्य अडचण ही, की ती जिवंत असते. संस्थेने ही अडचण तीस वर्षांपूर्वीच दूर केली. विभागप्रमुख सरांनी ऐन तारुण्यात, काचेच्या बशीत वाढवलेली एक पेशी केसाहून बारीक सुईने दाबून तिचा ताठरपणा मोजला. तो सत्तर भरला. (सत्तर काय, हे विचारायची पद्धत नाही.) त्यानंतर संस्थेतून बावीस प्रबंध बाहेर पडले, बावीसही सत्तर. इतकं एकमत सख्ख्या भावांतही आढळत नाही.

तेविसाव्या प्रबंधाच्या बाईंचा आकडा मात्र दोन आला. चारशे पेशी दाबून झाल्या. दोन, अडीच, फार लाडावलेली असेल तर तीन. प्रबंधाची मुदत शुक्रवारी संपत होती. आकडा जुळला नाही, तर सहा वर्षं पाण्यात.

सरांनी तक्ता पाहिला. "या मेलेल्या पेशी आहेत."

"सर, सकाळपासून दुप्पट झाल्यात."

"मेल्यावर कोण काय करील, सांगता येत नाही. जिवंत पेशी सत्तर असते."

सर गेल्यावर यंत्राच्या सुया बदलणारे काका हळूच म्हणाले, "ताई, तुमचा हात हलका आहे, तिथंच घोडं अडलंय. बाकीचे सुई पार खालपर्यंत नेतात."

"खाली काय आहे?"

"काच."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे तीस वर्षं सगळे..."

"ते मला नका विचारू. सत्तर आला की टोक मोडतं, एवढंच मला ठाऊक."

गुरुवारी बाईंनी सरांच्या समोर, पुराव्यादाखल, धुऊन पुसलेली रिकामी बशी यंत्राखाली ठेवली. शंभर वेळा दाबली. शंभर वेळा सत्तर. (एकही पेशी दगावली नाही.)

सरांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात जिवंत पेशी!"

"सर, पण यात..."

"यात आता तुमची पदवी आहे."

बाईंचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी रीतसर मिटलं.

निरोगी पेशीचा प्रमाणित आकडा म्हणून सत्तर आता सर्व तपासणी केंद्रांत भिंतीवर लावला आहे. तेव्हा आपल्या अहवालावर 'सर्व ठीक' असा शेरा आला असेल, तर वाचकांनी निर्धास्त असावं. फक्त कुठे आपटू नये.