अनंतकाकांचे रुमाल

अनंतकाका वाचत नाहीत, ठेवतात. इंटरनेटवर कुठलंही पान समोर आलं की वरची ओळ बघायची, पत्त्याशेजारचा तारा दाबायचा आणि पुढं सरकायचं. असे हजारो बुकमार्क त्यांनी साठवलेत. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, हे सगळं वाचणार कधी?"

"वाचायला कशाला पायजे मास्तर? हाय ना."

हे 'हाय ना' त्यांचं ठरलेलं. काका आगरदांड्यात माझ्या शेजारी राहतात. सगळी नोकरी तालुक्याच्या दप्तरखान्यात झाली. तिथं जुने कागद लाल कापडात बांधून ठेवतात आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. निवृत्त झाल्यावर लेकीनं कॉम्प्युटर घेऊन दिला, तर काकांनी अख्ख्या इंटरनेटलाच रुमाल बांधायला काढले. फोल्डर हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. "रुमाल बारा, नारळ. त्यात पोटरुमाल तीन, माडावरचा भुंगा." तुम्ही नुसता विषय काढायचा अवकाश. एकदा आमच्याकडे कालवणात मीठ जास्त झालं, हे मी कुंपणावरून सहज बोललो. चूळ भरेपर्यंत मोबाईलवर सात लिंका. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते वेगळंच.

शिवाय रोज सकाळी पहिली फेरीबोट सुटायच्या आत ग्रुपवर पंचवीस लिंका पडणार म्हणजे पडणार. ग्रुप खाडीच्या दोन्ही काठांचा आहे, आगरदांड्याचे आम्ही आणि पलीकडचे दिघीवाले. लिंक कोणी उघडत नाही. सगळे हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. काका न वाचता पाठवतात, आम्ही न वाचता नमस्कार करतो. याला गावात वाचनाची आवड म्हणतात.

एवढ्या जगाची काळजी करणारा हा माणूस सख्ख्या भावाशी मात्र बोलत नव्हता. धाकटा सदू पलीकडे दिघीला असतो. नऊ वर्षांमागे त्यानं तिथं घर बांधलं आणि थोरल्याला न विचारता तिथं वेगळा गणपती बसवला. आमच्याकडे भावांनी चुली वेगळ्या केल्या तरी येणंजाणं चालू राहतं. गणपती वेगळा केला की संपलं. दोघं फेरीबोटीत समोरासमोर आले तर एक आगरदांड्याकडे तोंड करून उभा राहायचा, दुसरा दिघीकडे. मी मध्ये पडायला गेलो तेव्हा काकांनी मला गप्प केलं. "दिघीला माझं कोण न्हाय," म्हणाले.

यंदा श्रावणात खाऱ्या हवेनं काकांचा कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. सगळे बुकमार्क एका फाईलीत कसे बांधायचे ते मी दाखवलं आणि बजावलं, ही फाईल स्वतःलाच पाठवून ठेवा. काकांनी ती ग्रुपवर पाठवली. शिवाय दप्तरखान्याच्या सवयीनं खाली नोंद केली, 'सर्वांचे रुमाल.'

काकांचं काहीही न उघडणाऱ्या गावानं ही फाईल पाच मिनिटांत उघडली. आपलं नाव कुठं आहे, हे बघायला कोणाला आळस येतो? सरपंचांच्या रुमालावर लिहिलं होतं 'घोरणे'. मासळीवाल्या हिराबाईंच्या रुमालावर 'वजनकाटा कसा तपासावा'. माझा रुमाल होता 'मास्तर, स्वभाव', आणि आत राग आवरण्यावरचे अकरा लेख. मला इतका संताप आला की काय सांगू. ग्रुपवर नुसता शिमगा सुरू झाला. हिराबाईंनी फर्मान काढलं, "मास्तर, ग्रुप तुमचा हाय. काकांना बाहेर काढा." मी चपला घातल्या आणि तणतणत काकांकडे गेलो.

काका कॉम्प्युटरपुढं बसले होते. तोंड पांढरंफटक.

"मास्तर, पाठवलेलं परत घेता येतं काय?"

"येतं. पण लोकांनी बघून झालंय. माझा रुमालही बघितला मी."

"लोकांचं सोडा. रुमाल चाळीस बघा."

मी उघडला. त्यावर नाव होतं 'सदू'. सगळ्यांत मोठा रुमाल तोच. गुडघेदुखी, साखरेचा आजार, साखर न घालता मोदक, खाडीकाठच्या घराच्या भिंतीला ओल येते त्यावर उपाय. नऊ वर्षं जमवलेलं, अगदी आदल्या दिवशीपर्यंतचं. जगाला रोज पंचवीस पाठवणाऱ्या माणसानं यातली एकही पाठवली नव्हती. माझा राग कुठल्या कुठं गेला. स्वतःची लाज वाटली.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"त्यानं बघितलं काय, ते बघा आधी."

कोणी कोणी बघितलं ती यादी मी काढली. सदूचं नाव त्यात होतं.

"हसत आसंल," काका म्हणाले. "म्हणंल, थोरल्याला अक्कल न्हाय. तोंडावर बोलत न्हाय नि चोरून माझे गुडघे मोजतो."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सदूच होता. काका नुसते फोनकडे बघत राहिले, हात पुढं करेनात. शेवटी मीच बटण दाबलं आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

पलीकडून नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"दादा, गुडघ्याची चवथी उघडत न्हाय."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता दुसऱ्या लिंकेचा नंबर सांगतील.

"लय दुखतो काय रे?" काका म्हणाले.