गफूरचाचा आणि दम कोंडलेला लॅपटॉप

त्या वर्षी आमच्या घरात कापूस माजघरात झोपायचा आणि माणसं ओसरीवर. बोंडअळीनं अर्धं पीक खाल्लं होतं, उरलेल्याला भाव नव्हता. म्हणून भाव येईपर्यंत बाबांनी तो घरातच भरून ठेवला. जमिनीपासून खिडकीपर्यंत पांढरा ढीग. सगळं घर अंग खाजवत बसायचं. आई म्हणायची, "पाहुणे येत नाहीत, तेवढंच बरं."

प्लग लावायची एकच जागा, तीही त्या ढिगाच्या डोक्यावर. त्यामुळे माझा जुना लॅपटॉप कापसावर, मीही पालथी कापसावर, आणि अशा थाटात मी संगणकशास्त्राचं शेवटचं वर्ष करत होते.

परीक्षा तोंडावर आली आणि लॅपटॉप ओरडायला लागला. आधी पिठाच्या गिरणीसारखा, मग मळणीयंत्रासारखा. खालून इतका तापायचा की आई त्याच्याकडे भाकरीच्या नजरेनं पाहायला लागली. दहा मिनिटं झाली की आपोआप बंद. सोमवारी बुलढाण्याला कॉलेजात बाहेरच्या परीक्षकांसमोर माझा प्रकल्प चालवून दाखवायचा होता. कपाशीवर कोणती फवारणी कधी झाली, पुढची कधी करायची, हे सांगणारा. त्याला अर्धा तास तरी लागणार. हे वर्ष गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. मामांनी माझ्यासाठी स्थळ आणून ठेवलं होतं आणि बाबांनी त्यांना "पोरीची परीक्षा होऊ द्या" एवढ्यावर थोपवून धरलं होतं. शहरातल्या दुकानदारानं फोनवर दुरुस्तीला आठ दिवस सांगितले.

बाबा म्हणाले, "दुसरबीडले गफूरभाईकडं ने."

"बाबा, ते विहिरीच्या जळालेल्या मोटारींत तार भरतात."

"याच्यात जे फिरते ते काय हाय मंग?"

मोटारच होती. मी लॅपटॉप पिशवीत घातला.

गफूरचाचांना आमच्या भागात सगळे ओळखतात, आणि थोडे घाबरतातही. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान, पुढं मोटारींची रांग, आत चाचा. मशीन समोर आलं की ते आधी एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतात, टोक मशीनला लावतात, मूठ कानाला, आणि डोळे मिटतात. त्या वेळी कुणी बोललं की त्याला दुकानाबाहेर जावं लागतं. मग डोळे उघडून ते मालकाची चौकशी सुरू करतात. मोटार कोरडी चालवली का, किती वेळ, कुणी. मालक म्हणतो, आपोआप जळली. चाचा म्हणतात, "मशीन झूट बोलत नाही, मालक बोलते."

फवारणीच्या पंपाचा त्यांचा कायदा वेगळा. पंप दुरुस्त होऊन तयार असला तरी तोंडाला बांधायचा रुमाल दाखवल्याशिवाय मिळत नाही. एकदा एक जण चिडला, "चाचा, पंप माहा, तोंड माहं. तुमाले काय करा लागते?"

"तोंड तुहंच हाय बे. पण पंप म्या दुरुस्त केला. त्यानं तुले मारलं तर नाव माहं खराब होते."

तो माणूस घरी जाऊन रुमाल घेऊन आला. तोवर पंप चाचांच्या मांडीखाली होता.

मी लॅपटॉप समोर ठेवला, चालू केला. चाचांनी पेचकस लावलं आणि डोळे मिटले. दुकानात चार माणसं होती, चारही गप्प.

"याले ताप नाही," चाचा म्हणाले. "याचा दम कोंडला. कुठं ठेवतं याले?"

आता मी कॉलेजात जाणारी. कापसावर म्हणायची लाज वाटली. "टेबलावर," मी म्हणाले.

"टेबल घेतला का तुह्या बापानं? कवा?"

चाचांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर लॅपटॉपचा आकार काढला, आणि एकेक स्क्रू काढून जिथला तिथं त्या चित्रात टोचत गेले. बारा स्क्रू. झाकण निघालं. पंख्याजवळच्या जाळीत त्यांनी चिमटा घातला आणि हळूहळू एक लांब, करडी, दाबून बसलेली पट्टी बाहेर काढली. बाहुलीच्या गादीत भरता येईल एवढी. ती त्यांनी चारही गिऱ्हाइकांना दाखवली, मग माझ्यापुढं धरली.

"पाय बेटा, तुह्या टेबलाची रुई."

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

दाढीच्या जुन्या ब्रशनं त्यांनी पात्या पुसल्या. मला म्हणाले, "पंख्यावर बोट ठेव, फिरू देऊ नको," आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. आता मात्र माझी पाळी होती. "चाचा, त्या चिपवरचा मलम वाळला आहे. तो बदलावा लागेल, नाहीतर गरमी वर पंख्याकडं जाणार नाही."

चाचांनी चष्मा वर केला. "हे तुले कुठं समजलं?"

"कॉलेजात शिकवलं."

ते उठले. इन्व्हर्टरमध्ये लावायची पांढऱ्या मलमाची नळी आणली, पण हातात माझ्या दिली. "मंग तूच लाव. मले हे येत नाही." या दुकानात चाचांनी 'येत नाही' म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी चिपवर दाण्याएवढा थेंब ठेवला. चाचा गिऱ्हाइकांना म्हणाले, "सरका बे थोडे. उजेड येऊ द्या तिले."

लॅपटॉप तासभर चालला. आवाज नाही.

सोमवारी बाबांना शेतातून निघता येईना. मी थांब्यावर आले तर चाचा एसटीची वाट पाहत उभे. धुतलेला कुर्ता, डोक्यावर टोपी. "तांब्याची तार आणाची हाय बुलढाण्याहून," म्हणाले. गाडीत लॅपटॉप त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी वर उचलला.

प्रकल्प चाळीस मिनिटं चालला. मध्येच परीक्षक वाकून म्हणाले, "हा सुरू आहे ना? काही आवाज येत नाही." मी म्हणाले, "सुरू आहे सर." आयुष्यात इतक्या तोऱ्यात मी कधी बोलले नव्हते.

बाहेर आले तर शिपाई दारातच होता. म्हणाला, "ते पायरीवर सकाळपासून बसलेत. पाणी दिलं तर नको म्हणाले, मधीच उठावं लागेल म्हणून. मी विचारलं आत कोण आहे तुमचं, तर म्हणाले माही पोरगी हाय." मग तो हातातल्या यादीतल्या माझ्या नावाकडं आणि पायरीवरच्या टोपीकडं आळीपाळीनं पाहू लागला.

चाचांना लेकरू नाही. चाची जाऊनही बरीच वर्षं झाली. मोटारींच्या रांगेत हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमचे कोण ते?" शिपायानं विचारलं.

"वडीलच," मी म्हणाले, आणि पायऱ्या उतरून त्यांच्याकडं गेले. तार आणायला कुणीच गेलं नाही. आम्ही चहा प्यालो आणि दुपारच्या गाडीनं परतलो.

महिन्याभरानं निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले. आज आमच्या घरात एक पदवीधर आहे, आणि ती मी आहे.