सासूबाईंचा खोकला

कलावंताचा सर्वांत मोठा शत्रू त्याचं स्वतःचं मन असतं, असं मनाचे तज्ज्ञ सांगतात. ते दुरुस्त करण्याची फी तेच घेत असल्यामुळे त्यांना यातलं नक्कीच कळत असणार.

आपल्या गोष्टीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या जावयाचं मन तर उघड उघड फितूर होतं. शहराच्या वाद्यवृंदात कायमची खुर्ची मिळावी म्हणून त्याने दोनदा परीक्षा दिली. एकदा परीक्षक खोकला, एकदा कुणाची तरी पेन्सिल पडली, आणि दोन्ही वेळा याचे हात लटपटले. आता वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. ती हुकली की जन्मभर कंटाळलेल्या पोरांच्या शिकवण्या.

म्हणून तो अशाच एका तज्ज्ञाकडे गेला. त्याने निदान केलं (तज्ज्ञाची खुर्ची फिरती होती, त्यामुळे निदान सगळ्या बाजूंनी झालं). व्यत्ययाची सवय नाही. तेव्हा सरावाच्या वेळी घरच्यांनी ठरवून व्यत्यय आणावा. घरच्यांनी व्यत्यय आणावा म्हणून पैसे मोजणारा हा बहुधा पहिलाच संसारी माणूस.

कामाची रीतसर वाटणी झाली. बायकोने पेन्सिल पाडायची, सासऱ्यांनी चॉकलेटचा कागद चुरचुरवायचा, सासूबाईंनी खोकायचं. तज्ज्ञाने सरावावर एक पुस्तिकाही दिली होती: अवघड जागा वेगळी काढा, आधी सावकाश घ्या, स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐका, दमण्याआधी थांबा. जावयाला ती वाचायला सवड नव्हती, कारण तो सराव करत होता. म्हणजे रचना पहिल्यापासून वाजवायची, चुकली की स्वतःला शिव्या घालायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. (या पद्धतीने चुका पक्क्या पाठ होतात. शिव्याही.)

पुस्तिका सासूबाईंनी वाचली.

त्यांनी खोकला आधी सावकाश घेतला. कोरडा, दाबलेला आणि माफी मागणारा असे प्रकार वेगळे काढले, फोनवर मुद्रित करून ऐकले, आणि रोज अंगात दम असतानाच त्या उठायच्या. थोड्याच दिवसांत रचनेतल्या सर्वांत हळव्या सुरावर त्यांचा खोकला असा नेमका येऊ लागला की जावयाला तो रचनेचाच भाग वाटायला लागला. हात स्थिर झाले. (सासऱ्यांची प्रगती बेताचीच राहिली. ते चॉकलेट खाऊन टाकत आणि कागद विसरत.)

"आज माझा खोकला लागला नाही," एका संध्याकाळी सासूबाई हिरमुसून म्हणाल्या.

"अहो आई, छान होता की!"

"उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नका, जावईबापू. शेवट घाईत गेला."

परीक्षेच्या दिवशी धीर द्यायला त्या बरोबर गेल्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत पडद्यापलीकडे परीक्षक श्वास रोखून बसले होते. गेल्या खेपेच्या एका तक्रारीमुळे त्यांना हूं की चूं न करण्याची सक्त ताकीद होती. (तक्रार जावयानेच केली होती.)

जावई सुरेख वाजवत हळव्या सुरापाशी आला आणि थांबला. खोकला आला नाही. गज हवेतच. सगळं संपलं, असं वाटून त्याला रडूच फुटणार होतं.

तेवढ्यात दाराबाहेरून आला: माफी मागणारा, स्वच्छ, शेवट अजिबात घाईत नाही. जावयाच्या हातात जीव आला आणि पुढचं तो जन्मात वाजवलं नव्हतं असं वाजवून गेला.

परीक्षकांचं एकमत झालं. वादन बरं, पण बाहेरच्या मदतीने; सबब नापास. मात्र श्रोत्यांच्या खोकल्याच्या धास्तीने अख्खा वाद्यवृंदच पोखरलेला होता. तेव्हा बाहेरच्या त्या बाईंना ताबडतोब आत बोलवावं.

आता सासूबाई वाद्यवृंदात खोकायला कायम आहेत, पेन्शनसकट. वादकांना त्यांची इतकी सवय झाली आहे की त्यांच्याशिवाय मैफल उभी राहत नाही. जावई शिकवण्या संपवून त्यांना तालमीला सोडतो. त्याला वाईट वाटतं. पण खोकला ऐकला की ओठ चावत कबूल करतो, की बाई तयार आहेत.

तेव्हा पुढच्या मैफलीत ऐन हळव्या सुराला शेजारून खोकला आला, तर डोळे वटारू नका. त्या कामावर असतील. तेच काम तुम्ही मात्र वर्षानुवर्षं तिकीट काढून करत आला आहात, आणि तेही काडीचा सराव न करता.