अध्यक्ष नलवडे आणि पाणी देणारी बाई

आमच्या बिल्डिंगमधल्या नलवड्यांनी आजवर एक्केचाळीस जणांना सिनेमाची बक्षिसं दिली आहेत आणि त्यांतला एकही माणूस हयात नाही. यांपैकी अकरा बक्षिसं मयतांच्या वतीनं मी स्वीकारली आहेत, उभं राहून, दोन शब्द बोलून. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघतो. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागात तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि तुमच्या डोक्यावर नलवडे राहत असतील, तर तुमचा कशाशी काय संबंध आहे हे तुम्ही ठरवत नाही.

हणमंत नलवडे मूळचे कोल्हापूरचे. धंद्यानं वेल्डिंग इन्स्पेक्टर. गॅसच्या पाइपांचे सांधे तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. लिफ्टमध्ये शिरले तरी आधी दाराची जोडणी बघतात आणि मान हलवतात, आणि मग आपण दोन मजले जीव मुठीत धरून जायचं. वहिनी मुलाच्या शाळेसाठी म्हणून कोल्हापूरला गेल्या होत्या. मुलगा शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागला, तरी वहिनी काही परत आल्या नाहीत. त्याबद्दल नलवडे बोलत नाहीत. ते बोलतात बोलपटांबद्दल.

त्यांचं दुखणं असं. बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हा स्टुडिओत शेकडो माणसं महिन्याच्या पगारावर राबत होती. सुतार, रंगारी, कपडेपटवाले, गाण्याच्या वेळी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून झाडावर लपून तबला वाजवणारे. त्यांना बक्षीस कोण देणार? एखादा संस्थानिक खूश झाला तर नायिकेला सोन्याचं पदक द्यायचा, एखादं मासिक वाचकांचा कौल घेऊन नायकाचा फोटो छापायचं. खलास. "बाकीच्यांचं पेंडिंग हाय," नलवडे म्हणतात. पेंडिंग हा शब्द इन्स्पेक्टरला दातात अडकलेल्या सुपारीसारखा. म्हणून गेली सात वर्षं, दर हिवाळ्यात, चार शुक्रवार सकाळी दहा वाजता, ते आपल्या हॉलमध्ये हे पेंडिंग काढत बसतात. आणि आम्हांला बसवतात.

आम्ही म्हणजे परीक्षक मंडळ. मी, माझी बायको मधुरा, अल वक्र्याहून येणारे देसाई पती-पत्नी, आणि पहिल्या मजल्यावरचा मॅथ्यू. मॅथ्यू कोट्टायमचा आहे. त्याला मराठी येत नाही. पण नियमावली पूर्ण वाचलेला आमच्यात तो एकटाच, कारण ती इंग्रजीत आहे आणि एकवीस पानांची आहे. तिच्यात एक कलम असं की चित्रपट उपलब्ध नाही ही सबब परीक्षकानं सांगू नये. त्या काळातले बहुतेक चित्रपट जळून, विरघळून केव्हाच गेले. उरल्यात त्या गाण्यांच्या पुस्तिका. त्या वाचून आम्ही छायाचित्रणाला मार्क दिलेले आहेत.

बक्षीस म्हणजे स्टेनलेस स्टीलचा फ्लँज. पाइपाला पाइप जोडायची जाड चकती असते ना, ती. वजन अडीच किलो. वर्कशॉपमधल्या रद्दीतून आणून, घासून, वर नाव कोरून देतात. जो मयताच्या वतीनं स्वीकारेल त्यानं तो घरी न्यायचा. आमच्या घरात अकरा आहेत. मधुरा एकानं पनीर दाबते, दोन दारांना लावलेत, बाकीचे बहुतेक पलंगाखाली. झाडावरचा तबलजी आमच्या लोणच्याच्या बरणीवर बसलेला असतो.

एवढं सगळं सोसून आम्ही का जातो? तर नलवडे गुरुवारी मटण आणतात आणि तांबडा-पांढरा रस्सा स्वतः करतात. तसा रस्सा अख्ख्या दोह्यात दुसरीकडे मिळत नाही. पण जेवण निकाल लागल्यावर. बैठक दहाला सुरू होते, बाराला घरभर वास सुटतो, आणि दोन वाजता नलवडे म्हणतात, "आता शेवटचा गट घेऊया. बिनओळीची भूमिका." तिथं आमचं घोडं पेंड खातं.

बिनओळीची भूमिका म्हणजे पडद्यावर आलेलं, पण एक शब्दही न बोललेलं माणूस. या गटासाठी नलवड्यांकडे एका बोलपटाची अकरा मिनिटं आहेत. बाकीचा चित्रपट गेला, एवढा तुकडा कुणाच्या तरी ट्रंकेत उरला. त्यात चार उमेदवार. एक गारुडी, एक दारावरचा भालदार, एक रडणारी करवली आणि एक पाणी देणारी बाई. कुणाचंही नाव कुठंही नाही. दर वर्षी हेच चौघं, हीच अकरा मिनिटं. आम्ही मतं देतो. आणि दर वर्षी नलवडे जाहीर करतात, "बक्षीस राखून ठेवलं हाय."

याचं कारण मतपत्रिकेचा चौथा रकाना. त्याच्यावर लिहिलंय, 'कारण'. एका तरी परीक्षकानं पटेल असं कारण लिहिल्याशिवाय या गटाचं बक्षीस द्यायचं नाही, असं कलम आहे. देसाई 'चांगलं काम' लिहितात. "ही सही झाली, हे कारण न्हाई," नलवडे म्हणतात. देसाई वहिनींनी करवलीला मत देऊन 'लुगडं छान' असं लिहिलं, तर "ते कपडेपटाचं श्रेय" म्हणून बाद. मॅथ्यूनं गारुड्याला दिलं. 'साप खरा आहे.' नलवड्यांनी गंभीरपणे विचार केला आणि ते सापाचं श्रेय ठरवलं. मी एकदा चिडून म्हटलं, "साहेब, तुम्ही अध्यक्ष. तुम्हीच द्या ना कुणाला तरी."

"अध्यक्षाला मत न्हाई."

"नियम तुमचेच आहेत. बदला."

"जो वेल्ड मारतो त्यानं तो तपासायचा नसतो ओ, देवरे," ते म्हणाले. मला वाटलं, यात वेल्ड कुणी मारलाय? पण तोपर्यंत अडीच वाजले होते आणि मी गप्प बसलो.

यंदा मात्र प्रकरण निराळं होतं. नलवड्यांना साठ पूर्ण झाली आणि कंपनीनं मुदतवाढ दिली नाही. मार्च संपला की कायमचं कोल्हापूर. हॉलमध्ये निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. भिंतीवरच्या पोस्टरांच्या जागी पांढरे चौकोन. म्हणजे ही शेवटची बैठक होती आणि बिनओळीच्या भूमिकेचा फ्लँज, सहा वर्षं घासून ठेवलेला, नुसत्या गटाचं नाव कोरलेला, टीव्हीशेजारी तसाच पडून होता. नलवडे सकाळीच म्हणाले, "या खेपेला तरी बघून लिहा. एवढं एक माझं ऐका." असं विनवणीचं बोलणं त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे हो हो म्हणालो. आणि नेहमीसारखंच वागलो.

पावणेतीन वाजता सगळ्यांची कारणं बाद झाली. मॅथ्यू म्हणाला, "नलवडे भाई, खलास? यल्ला, खाना?" नलवडे म्हणाले, "फिरून एकदा लावतो." आणि पुन्हा ती अकरा मिनिटं सुरू झाली.

मला राग आला. खरा राग, भुकेचा. आमची मुलगी इरा खाली शेजाऱ्यांकडे होती, तिला दोन वाजता घ्यायला येतो असं सांगितलं होतं आणि तिचे तीन मेसेज येऊन गेले होते, 'बाबा, व्हेअर आर यू', 'बाबा', आणि एक नुसतं प्रश्नचिन्ह. मी पडद्याकडे बघत होतो आणि माझा एक पाय केव्हाचा दाराकडे होता. पाणी देणारी बाई आली. नऊ सेकंदं. नायक मंचकावर, ती तांब्या ठेवते आणि जाते. मी मतपत्रिकेची चिठ्ठी ओढली, 'पाणी देणारी बाई'पुढे खूण केली आणि चौथ्या रकान्यात एका दमात लिहिलं: 'बाकीचे सगळे कॅमेऱ्याला दिसावं म्हणून थांबलेत. हिला एकटीला घरी जायचंय. तांब्यावरून हात सुटायच्या आधी पाय वळलेत. माझंही तेच झालंय. जेवायला वाढा.'

नलवड्यांनी चिठ्ठी घेतली. वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली, जवळ धरून. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आम्हांला वाटलं, झालं एकदाचं, वाढायला गेले. पण भांड्यांचा आवाज येईना. पाच मिनिटं गेली. मधुरानं माझ्याकडे पाहिलं. "काय लिहिलंस?" मी सांगितलं नाही. तिनं डोळ्यांनीच मला आत पाठवलं.

नलवडे ओट्याला टेकून उभे होते. चिठ्ठी हातातच. गॅस बंद.

"साहेब, चुकलं माझं," मी म्हणालो. "भुकेच्या तडाख्यात लिहिलं. फाडून टाका."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगितलं?"

"ती माझी आज्जी हाय."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"पाण्याची बाई म्हणूनच घ्यायचे तिला. कुठं तांब्या, कुठं घागर. रोजावर," नलवडे सांगायला लागले, हळू, माझ्याकडे न बघता. "माझे वडील तवा चार म्हैन्यांचे. तिची भन त्यांना घिऊन स्टुडिओच्या फाटकाभाईर बसायची. शॉट झाला की आज्जीनं पळत जायचं, पाजायचं, परत आत. कधी शॉट दहा-दहा बारी घ्यायचे. पोरगं भाईर रडायचं आणि हितं सगळ्यांना गप बसायची सूचना, कारण आवाज रेकॉर्ड व्हतोय. मला सांगायची ती. म्हणायची, कॅमेरा कुठं हुता ते मला ठावं न्हाई बाबा, फाटक कुठं हुतं ते इचार."

"मग हे पहिल्याच वर्षी सांगायचं होतं की आम्हांला. एकमतानं दिलं असतं बक्षीस."

"म्हणून तर सांगितलं न्हाई."

त्यांनी चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि तळहातानं सपाट केली. "आज्जीचा एक फोटोसुदिक न्हाई आमच्याकडं. ही नऊ सेकंदंच. मला त्यात दिसतंय, तिला फाटकाकडं जायचंय. दर बारीला दिसतंय. पण मला म्हाईत हाय म्हणून दिसतंय, का ते खरंच तितं हाय, हे मी कसं ठरवणार? नुसती पाण्याची बाई असंल तर? ते दुसऱ्यानं बघाय पायजे. ज्याला कायबी ठावं न्हाई त्यानं." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता खरं सांगा, देवरे. तुम्हाला दिसलं? का जेवायच्या गडबडीत लिहिलं?"

सात वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते सगळं मला त्या ओट्यापाशी आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. 'दिसलं' म्हणणं सोपं होतं. पण समोर सव्वीस वर्षं सांधे तपासलेला माणूस होता. "मला नाही सांगता येत," मी म्हणालो. "घरी जायची घाई मलाच होती. ती माझी होती की तिची, नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यात. उत्तर प्रामाणिक आहे एवढीच नोंद होती, आणि चेहरा मात्र उतरला.

"चला, लावा परत," मी म्हणालो. "मी तोंड उघडत नाही."

आम्ही बाहेर आलो. नलवड्यांनी नुसती ती नऊ सेकंदं काढली आणि लावली. कुणाला काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. देसाई घड्याळ बघत होते. मधुरा माझ्याकडे बघत होती. बाई आली, तांब्या ठेवला, गेली. नलवड्यांनी परत लावलं. बाई आली, गेली. मी वचन दिल्याप्रमाणे गप्प होतो आणि इतकं गप्प बसणं मला जन्मात कधी जड गेलं नव्हतं. तिसऱ्यांदा लावलं. काही नाही. नलवड्यांचा अंगठा रिमोटच्या लाल बटणाकडे गेला.

"एक मिनट," मॅथ्यू म्हणाला. तो शेंगदाणे खात होता. "पीछे लो. थोडा. हां, इधर."

तो पुढे वाकला. "ये लेडी देखो. हाथ लोटे पे है, पैर निकल गया. हीरो को देखा भी नहीं." मग त्यानं नलवड्यांकडे मान वळवली. "इसको इतना जल्दी किधर जाने का है?"

मी नलवड्यांकडे बघायचं टाळलं. त्यांचा आवाज आला, त्यांच्या त्या कोल्हापुरी हिंदीत. "फाटक पे," ते म्हणाले.

मॅथ्यूला काही कळलं नाही. देसायांनाही नाही. त्यांनी विचारलंही नाही, कारण नलवड्यांचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता. मधुरा उठली, खाली जाऊन इराला घेऊन आली आणि तिला माझ्या मांडीवर बसवलं. नलवडे अजून टीव्हीपाशीच उभे होते, रिमोट दोन्ही हातांत धरून.

"आणि एकदा लावू का?" त्यांनी विचारलं. सात वर्षांत त्यांनी आम्हांला असं कधी विचारलं नव्हतं. साडेतीन वाजून गेले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि मी म्हणालो, लावा.